हँग-ऑन फिल्टर, काही महिन्यांच्या वापरानंतर: मोटर झकास, कार्ट्रिजचं गणित गंडलेलं

माशांच्या टाकीच्या कडेला बाहेरून टांगायचा हा फिल्टर. मोटरबद्दल तक्रार नाही. आवाज करत नाही, 60 लिटरच्या टाकीत तासाला 300 लिटर पाणी फिरवते, म्हणजे पाचपट. तेवढं पुरतं. भांडण आहे ते माहितीपुस्तिकेतल्या एका ओळीशी: दर चार आठवड्यांनी कार्ट्रिज बदला. टाकी चकाचक केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, त्याचं मूळ बऱ्याचदा याच ओळीत असतं.

कार्ट्रिज म्हणजे काय, तर प्लास्टिकची चौकट, तिच्यावर पॉलिएस्टरचं कापड आणि आत चमचा-दोन चमचे कार्बन, म्हणजे पाण्यात विरघळलेली द्रव्यं ओढून घेणारा कोळसा. चार आठवड्यांत संपतो तो कार्बन. कापड तर तेव्हा कुठे नांदतं झालेलं असतं. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) पचवणारे बॅक्टेरिया तिथेच चिकटून असतात. कंपनीने दोन्ही एकत्र चिकटवल्यामुळे एक फेकलं की दुसरंही जातं. त्यात आपण त्याच दिवशी खडीही ढवळतो, काचाही घासतो, अर्धं पाणीही काढतो. खडीत अडकलेलं खाणं आणि विष्ठा पाण्यात उठते आणि त्यावर जगणारे दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत भराभर वाढतात. अनुकूल परिस्थितीत ते तासाभरात दुप्पट होतात, तर फिल्टरमधल्यांना त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. शर्यत कोण जिंकणार ते उघड आहे.

बरं, प्रत्येक गढूळपणा हा नव्हे. काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी भरून पांढऱ्या कागदासमोर ठेवा. काही तासांत तळाशी साका बसला, तर ती खडीची किंवा वाळूची धूळ. हिरवट झाक दिसली तर शेवाळ. तिथे दिव्याचे तास कमी करावे लागतात. पिवळसर पण पारदर्शक असेल तर टाकीत ठेवलेल्या लाकडाचा रंग उतरलाय. साका बसत नाही आणि पांढुरकेपणाही हटत नाही, तर बॅक्टेरिया.

कार्ट्रिजवर उपाय स्वस्त आहे. जाड छिद्रांचा स्पंज फिल्टरच्या खोबणीपेक्षा 2-3 मिलिमीटर मोठा कापा, म्हणजे घट्ट बसेल. फट राहिली तर पाणी तिथूनच पळतं. स्पंजनंतर फिल्टर वूलचा (कापसासारख्या गाळणीचा) पातळ थर, शेवटी जाळीच्या पिशवीत सिरॅमिक रिंग. फार बारीक छिद्रांचा स्पंज घेऊ नका. तो लवकर तुंबतो, डब्यातली पातळी चढते आणि पाणी न गाळता मागच्या कडेवरून परत टाकीत पडतं. हा वळसा लक्षात येत नाही, कारण धार चालूच दिसते.

जुनं कार्ट्रिज मात्र लगेच काढायचं नाही. वरची कड कापून संपलेला कार्बन झटकून टाका आणि कापड नव्या स्पंजला टेकवून चार ते सहा आठवडे राहू द्या. जागा नसेल तर चौकटीवरून कापड सोडवून घडी करून कोंबा. दिसायला गबाळं दिसेल, चालतं.

पुढे धुताना टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा. पाणी अजून तपकिरी असतानाच थांबायचं. धार मोकळी झाली की काम झालं. नळाखाली धरू नका, क्लोरीन या बॅक्टेरियाला मारतं. वूल खुशाल फेका. स्पंज आणि खडी एकाच दिवशी नको, मध्ये दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. खडीही एका वेळी एक तृतीयांशच सायफन करा. पाणी 25 टक्के, म्हणजे या टाकीत 15 लिटर. अँटीक्लोरिन (क्लोरीन घालवणारं औषध) बादलीत घालणार असाल तर बादलीच्या पाण्याच्या मापाने, थेट टाकीत नळी सोडणार असाल तर अख्ख्या टाकीच्या मापाने. मोटर सुरू करण्याआधी डबा पाण्याने भरा, कोरडी फिरली तर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा आतला छोटा पंखा, जातो.

क्लॅरिफायर, म्हणजे पाणी निवळवायचं बाटलीतलं औषध, त्याबद्दलचं मत वापरता वापरता बदललं. धुळीवर तो खरंच चालतो: बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वूलमध्ये अडकतात. वूल दुसऱ्या दिवशी बदला, नाहीतर तुंबतं. दुधाळ पाण्यावर मात्र एक दिवसाची चमक आणि मग पुन्हा तेच, कारण बॅक्टेरियाचं खाणं टाकीतच असतं. डोस वाढवला तर त्या औषधानेच पाणी गढूळ होतं. या कामासाठी पुन्हा बाटली विकत घेण्यात अर्थ नाही.

पाणी दुधाळ झालंच, तर खाणं एक-दोन दिवस बंद, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू. हे बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात; मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर समजायचं काय कमी पडतंय. फिल्टरला हात लावू नका. अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासा, दोन्ही शून्य असतील तर नुसतं थांबा, सहसा काही दिवसांत ते आपोआप निवळतं. आकडा दिसला तर 25 टक्के पाणी बदला. पीएच 8 च्या वर आणि पाणी कोमट असेल तर तोच अमोनिया जास्त घातक ठरतो, तिथे चालढकल नको.

मोटर आणि डब्याला पाचपैकी चार तारे. इम्पेलरच्या खळग्यात साचणारा बुळबुळीत थर महिन्याला ब्रशने काढावा लागतो, एक तारा त्यासाठी कापला. कार्ट्रिजला एकच. खोक्यात आलेलं जादा कार्ट्रिज मात्र टाकू नका. माशांना औषध दिल्यानंतर पाण्यात उरलेलं औषध ओढून घ्यायला ताजा कार्बन लागतो. उपचार चालू असताना तो फिल्टरमध्ये नको. उपचार संपल्यावर ते कार्ट्रिज दोन-तीन दिवस स्पंजपुढे लावायचं आणि काढून टाकायचं.