शंभर वर्षं जुनी बंदूक आणि “लायसन लागत नाही” म्हणणारा माणूस

“शंभर वर्षांवरची आहे काका, हिला लायसन लागत नाही.” जुनी बंदूक विकणाऱ्या कुणाच्याही तोंडून हे वाक्य आलं, की तिथंच फोन ठेवा. माझे 61 हजार रुपये या एका वाक्यावर गेले. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यानंतर घरात कुणाला धड जेवण गेलं नाही, झोप लागली नाही. त्याच टोळीची माणसं आपल्या भागात अजून गिऱ्हाईक शोधत आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी अचलपूर तालुक्यातला. संत्र्याचा बगीचा आहे, थोडी कपाशी, थोडी तूर. पावसाळ्यात बांधावरून घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीला ऑपरेशन झालं, पायावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि खाट सपरीत, म्हणजे ओसरीत आली. वावर समोर दिसतं, पण जाता येत नाही. मजुरांचा हिशेब खाटेवरून, फवारणीच्या सूचना खाटेवरून. उरलेला दिवस हातात मोबाईल.

जुन्या बंदुकांची ओढ मला लहानपणापासून. आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि रोही वावरात शिरले की ते हवेत एक बार काढत. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर घरी यायची. आजोबा वारल्यावर ती कायमची जमा केली, कारण परवाना पुढं कुणी आपल्या नावावर घेतला नाही. गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसताना हाताला येणारा जळक्या दारूचा वास मात्र मी विसरलो नाही. खाटेवर पडल्या पडल्या मी वाचायला लागलो: तोड्याची, म्हणजे जळत्या वातीची बंदूक कशी पेटायची, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी चकमकीची कशी, घोडा आपटला की पेटणाऱ्या बारीक टोपीची केव्हा आली. मग वस्तू जमवायला लागलो. बंदुका नव्हेत, त्यांच्या सोबतच्या वस्तू. शिंगाचं बारूददान, शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा, काडतुसं ठेवायचा एक मोडका चामडी तोसदान. काही ओळखीच्या जुन्या घरांतून मिळालं, काही परतवाड्याच्या भंगारातून पुतण्यानं शोधून आणलं. त्यात मन रमायचं. या छंदाबद्दल मला आजही प्रेम आहे आणि तो मी सोडणार नाही.

समाजमाध्यमावर अशा वस्तू जमवणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात मी साच्याचा फोटो टाकला, सोबत गावाकडचं वर्णन आणि पायाचं दुखणं लिहिलं. या टोळ्या नेमकं तेच शोधत असतात. माणूस कुठला आहे, कशावर जीव आहे आणि तो घराबाहेर पडू शकतो का, एवढं कळलं की त्यांचं निम्मं काम झालं. थोड्याच दिवसांत एकाचा फोन आला. शहरी मराठी, अतिशय अदबीचं बोलणं. आधी तब्येतीची चौकशी, मग आजोबांच्या बंदुकीची, आणि मग तो अलगद गाविलगडावर आला.

आमच्या सपरीतून आभाळ निवळ असलं की मेळघाटचा डोंगर दिसतो. त्या डोंगरावरचा गाविलगड 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याआधी 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली होती, गड पडल्यावर दोन दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांचा तह झाला आणि महिनाअखेर सुर्जी अंजनगावला शिंद्यांचा. आमच्याकडच्या माणसाला हा इतिहास परका नाही. फोनवरच्या माणसाला तारखा तोंडपाठ होत्या. म्हणाला, “काका, एका जुन्या घराण्यात कंपनी सरकारच्या शिपायाची बंदूक आहे, गाविलगडच्या मोर्च्यातली. घरचे विकताहेत. परदेशातला माणूस मागतोय, पण वस्तू आपल्या मातीत राहावी असं मला वाटतं.” नागपूरच्या माणसाला तो सीताबर्डी सांगतो, हे मला पुढं कळलं. जिथला माणूस, तिथली लढाई.

परवान्याचा प्रश्न मीच काढला. त्यावर वर लिहिलेलं वाक्य आलं, आणि मागोमाग मोबाईलवर कागद आले. पुरातत्त्व खात्याचं म्हणून एक प्रमाणपत्र, त्यावर सिंहमुद्रा, नोंदणी क्रमांक, गोल शिक्का, सही. सोबत एका कायद्याचं नाव: 1972 चा पुरावशेष कायदा. हा कायदा खरा आहे. शंभर वर्षांवरची वस्तू त्यात पुरावशेष ठरू शकते, हेही खरं. इथंच या लोकांची हुशारी आहे. एक खरा कायदा दाखवून ते दुसरा खरा कायदा लपवतात.

तो दुसरा कायदा म्हणजे 1959 चा शस्त्र कायदा. बंदूक किती जुनी आहे, एवढ्यावर तो सूट देत नाही. त्याच्या कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची बंदूक असली आणि तिच्यातून बार निघू शकत असला, तर परवाना हवाच. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुका तर आजही परवान्यावर आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. पुरातत्त्व खात्याकडची नोंद हा शस्त्राचा परवाना नव्हे. शिवाय पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याकडेही 1972 च्या कायद्याप्रमाणे परवाना असावा लागतो. तो दाखवा म्हटलं, की असा माणूस विषय बदलतो.

व्हिडिओ कॉलवर बंदूक दाखवली ती संध्याकाळच्या अंधुक उजेडात. दस्ता काळसर, पितळ मळकं, घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, खाली ‘व्ही आर’ ही अक्षरं, ‘टॉवर’ असा शब्द आणि 1803 हे साल. 38 हजार ठरले. ते पाठवल्यावर “हस्तांतरणाच्या नोंदणीसाठी” म्हणून आधार कार्डाचा फोटो आणि आणखी 9 हजार मागितले. खोका ट्रॅव्हल्सच्या गाडीनं परतवाड्याला आला, पुतण्यानं घरी आणला. वर ‘शोभेच्या वस्तू’ असं लिहिलं होतं.

खोका घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या नंबरवरून फोन आला. आवाज जरबेचा, बोलणं हिंदीत. तो स्वतःला मोठ्या शहरातल्या गुन्हे शाखेचा अधिकारी म्हणवत होता. माझं पूर्ण नाव, आधारचा क्रमांक, खोक्याचा पावती नंबर, सगळं त्यानं वाचून दाखवलं. “आपके घर में बिना लाइसेंस का हथियार है. बेचनेवाला पकड़ा गया है. आपको भी उठाना पड़ेगा.” व्हिडिओवर खाकी कपडे, मागं कार्यालयासारखी भिंत. घरात कुणाला सांगायचं नाही, फोन कापायचा नाही, नाहीतर गाडी निघेल. पायाला सळई, खाटेवरून उठता येत नाही, आणि हा माणूस अटकेची भाषा करतो आहे. “सेटलमेंट”चे म्हणून 14 हजार गेले. तासाभरात त्यानं आणखी 50 हजार मागितले.

तेव्हा बायको चहा घेऊन सपरीत आली. माझा चेहरा पाहून तिनं मोबाईलच हातातून घेतला. “अवो, खरा पोलीस फोनवर पैसे मांगते काय? आपलं ठाणं हाय ना इथं. लेकराले पाठवा.” तिनं फोन कापला आणि बंद करून टाकला. पुतण्याला हाक मारली, शेजारची गाडी मागवली, आणि मला मागच्या सीटवर आडवं घालून खोक्यासकट ठाण्यात नेलं.

ठाणेदारांनी नीट ऐकून घेतलं. फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक करण्याची कुठलीही तरतूद कायद्यात नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही नसतंच. बसल्या जागी 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन लावला. आम्ही लवकर पोचलो म्हणून शेवटचे 14 हजार पुढच्या खात्यात गोठवता आले. आधीचे 47 हजार केव्हाच फिरून गेले होते.

मग परवान्यांचं टेबल सांभाळणाऱ्या जमादारांनी बंदूक हातात घेतली. त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या ठासणीच्या बंदुका तपासलेल्या. टोपी बसते त्या बारीक नळकांडीत त्यांनी तार घातली, ती आत जाईना. भोकच नव्हतं. नळीत गज सोडला, तो बुडाशी पोचायच्या आधीच अडला. “काकाजी, हा पाण्याचा पाइप हाय, आतून झाळलेला. इच्यातून बार निघत नाई.” ते ऐकून माझ्या बायकोनं पहिल्यांदा खुर्चीत अंग टेकलं. वस्तू रीतसर पंचनामा करून ठाण्यात ठेवून घेतली.

म्हणजे जे शस्त्रच नव्हतं, त्याच्याच धाकानं पैसे उकळले. विकणारा आणि दरडावणारा एकाच टोळीचे. शस्त्राच्या परवान्याचा विषय निघाला की माणूस ठाण्यात जायला घाबरेल, हा त्यांचा सगळा हिशेब. म्हणून आधी “लायसन लागत नाही” म्हणून गळ टाकायची आणि नंतर “लायसन नाही” म्हणून तीच आवळायची.

ही बंदूक खोटी आहे हे फोटोवरूनही कळण्यासारखं होतं, आणि ते जुन्या वस्तू जमवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरियाची मुद्रा. व्हिक्टोरिया जन्मली 1819 मध्ये, गादीवर आली 1837 मध्ये. 1803 च्या पट्टीवर तिचं नाव येणार कुठून? दुसरी गोष्ट घोड्याची. गाविलगडावर चढलेल्या शिपायांकडे चकमकीच्या बंदुका होत्या. घोड्याच्या जबड्यात गारगोटी आणि बाजूला दारूचा लहान पेला. आघातानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्यानं घेतलं ते 1807 मध्ये, आणि ब्रिटिश फौजेनं टोपीची बंदूक सरसकट घेतली ती 1840 च्या आसपास. टोपीची बंदूक आणि 1803 हे साल एकत्र आलं की तो माल बनावट, किंवा नंतर बदललेला. तिसरी गोष्ट लांबी. त्या काळी कंपनीच्या शिपायांकडे असलेल्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी 39 इंच असे, आणि नळीचं तोंड पाऊण इंचाचं. ठाण्यात टेप लावला तर ही नळी 33 इंचच भरली.

हातात आल्यावर तर आणखी खुणा दिसतात. काळी दारू जळली की मागं क्षार उरतो आणि तो ओल धरतो, म्हणून खऱ्या जुन्या बंदुकीचं लोखंड बुडाशी, जिथं ठिणगी पडते तिथं, सगळ्यात जास्त खाल्लेलं असतं. आमच्याकडे आलेल्या नळीवरचा गंज टोकापासून बुडापर्यंत एकसारखा होता, हळद चोळावी तसा. जुने शिक्के ठोकून उमटवलेले असतात, कडा धारदार असतात. हिची अक्षरं गोलसर, साच्यातून ओतलेली. दस्त्याचा काळा रंग ओल्या फडक्याला लागत होता. स्क्रूच्या खाचा आजच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या.

ज्यांना खऱ्या जुन्या बंदुका पाहायच्या आहेत, त्यांनी नागपूरच्या अजब बंगल्यात जावं. 1863 पासूनचं हे संग्रहालय आहे आणि तिथं शस्त्रांचं दालन आहे. मला चालता आलं की मी पुतण्याला घेऊन जाणार आहे. कुणाच्या घरी आजा-पणजाची बंदूक माळ्यावर निघाली, तर ती विकायला कुणाला फोटो पाठवू नका. आधी ठाण्यात कळवा. चालणारी आहे की नाही, हे ठरवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. आणि आधार कार्डाचा फोटो तर अशा व्यवहारात कुणालाच देऊ नका, माझ्या बाबतीत सगळा धाक त्याच एका कागदावर उभा होता.

तक्रार दिल्यावर काही आठवड्यांनी मोर्शीकडच्या एका ओळखीच्या शिक्षकांचा फोन आला. त्यांच्या आईचं आजारपण सुरू आहे, त्यामुळे तेही घरातच अडकलेले, आणि त्यांनाही जुन्या नाण्यांचा, हत्यारांचा नाद. त्यांना एकानं सीताबर्डीच्या, 1817 च्या लढाईतली बंदूक देऊ केली होती. मी फोटो मागवला. दस्त्यावर तोच आडवा ओरखडा, पट्टीवर तोच मुकुट आणि तेच ‘व्ही आर’, फक्त साल बदललेलं. माझी बंदूक ठाण्यात जमा आहे, म्हणजे एकाच साच्यातून बऱ्याच निघालेल्या असणार, किंवा फोटो तोच वापरून साल तेवढं बदलत असणार. सरांनी पैसे पाठवायला बँकेचं ॲप उघडलेलंच होतं. त्यांनी ते बंद केलं, आणि त्या माणसाचा नंबर, त्यानं पाठवलेली प्रमाणपत्रं, बँक खात्याचा तपशील असं सगळं दुसऱ्या दिवशी मोर्शीच्या ठाण्यात नेऊन दिलं. खात्याचा क्रमांक माझ्या तक्रारीतल्या एका क्रमांकाशी जुळला आहे. तपास सुरू आहे.