डाकघर निर्यात केंद्रातून कोल्हापुरी चपला परदेशी: काही महिन्यांच्या वापरानंतर

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या आणि गदारोळ उठला. त्यानंतर आमच्याकडे परदेशातून चौकशा वाढल्या. बहुतेक आपलीच माणसं, लंडन, सिडनी, न्यू जर्सीतली. कुणाला कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) हवी, कुणाला लग्नासाठी एकच जोड. एका जोडाला खासगी कुरिअरचे पैसे चपलेच्या किमतीपेक्षा जास्त व्हायचे, म्हणून पोस्टाचं डाकघर निर्यात केंद्र वापरायला घेतलं. छोट्या निर्यातदारांसाठी ही सोय २०२२ मध्ये सुरू झाली आणि आता देशभरात अशी हजाराहून जास्त केंद्रं आहेत.

आधी आयईसी लागतो, म्हणजे आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, साइटवर ५०० रुपये भरून तो घरबसल्या निघतो, आणि नंबर आपला पॅनच असतो. एवढ्यासाठी काही हजार मागणारे एजंट आहेत, त्यांना सरळ नमस्कार करा. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्रही, ऑनलाइन भरून ठेवा. त्याला फी नाही, आणि निर्यातीच्या मालावर आधी कर भरून मग परताव्यामागे धावावं लागत नाही.

केंद्राचं पोर्टल दिसायला जुनाट आहे, पण काम करतं. घरी बसून पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे पोस्टाने जाणाऱ्या मालाचा कस्टम्ससाठीचा फॉर्म, भरायचं, लेबल छापायचं, पार्सल जवळच्या केंद्रात द्यायचं. कस्टम्सची तपासणी पुढे होते, त्यासाठी मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात खेटे घालायला नकोत. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

फॉर्ममध्ये एचएस कोड, म्हणजे जकातीसाठी जगभर वापरला जाणारा मालाचा क्रमांक, मात्र नीट टाका. ६४०३ २० या कोडचं वर्णन वाचून मला हसूच आलं: कातडी तळ, पावलावरून जाणारे आणि अंगठ्याभोवतीचे कातडी पट्टे. जगाच्या जकात पुस्तकात जणू आपलं पायताणच लिहून ठेवलंय! नुसतं 'फूटवेअर' लिहून भागत नाही, युरोपात सहा आकडी कोडशिवाय पार्सल अडकू शकतं.

खरी दमछाक झाली ती बँकेत. परदेशातून आलेला पैसा कशाचा, हे बँकेने पर्पज कोड लावून डीजीएफटीला कळवायचं असतं. माल पाठवण्याआधी आलेल्या पैशाला पी०१०३. ती नोंद साइटवर दिसली की ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, आपलं आपण काढता येतं, हे २०२३ पासून फार सोपं झालंय. पण माझ्या बँकेच्या शाखेत हे काम माहीत असलेला एकच माणूस, आणि तो रजेवर गेला की सगळं ठप्प. एकदा तर चपलांचे पैसे घरखर्चासाठी आलेली रक्कम म्हणून जमा झाले. ते दुरुस्त करून घेताना जेवढी पत्रं लिहिली, तेवढी पोस्टासाठी आजवर लिहिली नाहीत. खातं उघडण्याआधी विचारा: या शाखेत निर्यातीचं काम रोज होतं का? व्याजदर, डेबिट कार्ड वगैरे नंतर.

अमेरिकेचं प्रकरण वेगळं. तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. त्याच्या चार दिवस आधीच पोस्टाने तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. जकात मात्र बुकिंगच्या वेळीच भरायची, आणि तेव्हा ती ५० टक्के होती. यात पोस्टाचा दोष नाही, पण ऐन दिवाळीच्या तोंडावर न्यू जर्सीच्या ऑर्डरी गळाल्या त्या गळाल्याच. तेव्हापासून एकाच देशावर भिस्त ठेवत नाही.

गिऱ्हाईक मिळवून देणारी मदत म्हणाल तर ती इथे नाही. डीजीएफटीचा ट्रेड कनेक्ट प्लॅटफॉर्म सप्टेंबर २०२४ पासून आहे, कुठल्या देशात किती जकात ते बघायला मी तो वापरतो. तिथे नाव नोंदवलं आणि ऑर्डर आली, असं माझ्या बाबतीत तरी झालेलं नाही. ऑर्डरी आणतात इन्स्टाग्राम आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळं.

माप चुकलं तर? परत आलेल्या जोडाचं भाडं आणि कागदपत्रं बघता तो तिकडेच राहू दिलेला परवडतो. म्हणून आता ऑर्डरीआधी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखायला लावतो आणि सेंटिमीटर लिहून घेतो. पुण्याच्या गिऱ्हाइकालाही हाच नियम लावलाय.

पाचपैकी साडेतीन. महिन्याला शे-दोनशे जोड एकाच व्यापाऱ्याला पाठवणाऱ्याने कस्टम्स एजंट धरून कार्गोने पाठवावेत, त्याला हे पुरणार नाही. गोधडी, पैठणी, लाकडी खेळणी असं एकेक नग विकणाऱ्यांनी मात्र जरूर करून बघा. आणि एलयूटी दर ३१ मार्चला संपते, आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तपासून पक्की करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. दोन्ही कामं फुकट आहेत, मोबाइलवर आत्ताच आठवण लावून ठेवा.