चाकांच्या बुटांच्या नादात गेलेले ३८,४४६ रुपये

टाचेत चाक बसवलेल्या मुलांच्या बुटांची जाहिरात सध्या ज्यांच्या मोबाइलवर वारंवार येत आहे, त्यांनी पुढचे वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. माझे एकूण ३८,४४६ रुपये गेले आहेत. त्यांपैकी ३,९४७ रुपये बुटांचे होते आणि ३४,४९९ रुपये त्या बुटांचे पैसे परत मिळवताना गेले. आकडे मुद्दाम लिहीत आहे. "थोडेफार पैसे गेले" असे सांगून मी नातेवाइकांत विषय टाळत राहिले आणि तेवढ्यात ओळखीच्या आणखी एका घरी त्याच जाहिरातीतले बूट मागवले गेले.

स्वस्ताच्या मोहापायी हे झाले असे कोणी म्हणू नये, कारण मुलांच्या एका जोडाला १,८९९ रुपये हा काही फुकटातला भाव नाही. शिवाय ही वस्तू खरोखर अस्तित्वात आहे. अमेरिकेतल्या रॉजर अ‍ॅडम्स यांनी टाचेत चाक बसवण्याची कल्पना बाजारात आणली, २००० मध्ये टेक्सासमध्ये 'हीलीज' ही कंपनी उभी राहिली आणि २००६ पर्यंत मुलांमध्ये त्या बुटांचे एवढे वेड पसरले की कंपनीच्या शेअरची नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर नोंदणी झाली. आमच्या दोन्ही मुलांनी सोसायटीतल्या एका मुलाला चालता चालता चवडे उचलून फरशीवरून सरकत जाताना पाहिले आणि त्यानंतर घरात दुसरा विषय उरला नाही. जाहिरातीतली चित्रफीत अस्सल बुटांचीच होती. ती दुसरीकडून उचललेली असेल आणि तिच्या जोरावर भलताच माल विकला जात असेल, हे मोबाइलच्या पडद्यावर पाहून कोणाला कळणार?

एक गोष्ट मात्र पाहता आली असती. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे दिलाच पाहिजे. त्या संकेतस्थळावर तक्रारीसाठीच्या एका फोन क्रमांकाशिवाय यांपैकी काहीही नव्हते. बाकी तिथे होते ते उलटे धावणारे घड्याळ आणि 'शेवटचे काही जोड शिल्लक' ही लाल पाटी. पत्ता नसेल तर तिथेच थांबा, बाकी काही तपासत बसू नका.

मी कॅश ऑन डिलिव्हरी निवडली ती सुरक्षित वाटली म्हणूनच. पैसे वस्तू हातात आल्यावर द्यायचे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हातात येते ते बंद खोके, आणि ते पैसे दिल्याशिवाय उघडता येत नाही. दोन जोडांचे ३,७९८ आणि पोहोचवण्याचे १४९ मिळून ३,९४७ रुपये मी दारात मोजून दिले. ते देत असताना पार्सलवरचे लेबल माझ्या समोर होते आणि ते आठवले की अजूनही चीड येते. पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचे नाव नव्हते, कुठल्याशा ट्रेडर्सचे होते. मालाच्या वर्णनात 'टी-शर्ट' असे छापले होते, आणि पार्सल हाताला इतके हलके लागले की चाके, बेअरिंग आणि जाड तळ असलेले दोन जोड त्यात असणे शक्यच नव्हते. मी ते वाचले, क्षणभर थबकले आणि तरीही पैसे दिले, कारण मुले शेजारी उभी होती, डिलिव्हरी देणारा मुलगा घाई करत होता आणि लेबले चुकतात असेही आपण अनेकदा पाहिलेले असते. तो क्षण हातचा गेला. पार्सल नाकारण्याचा हक्क पैसे देईपर्यंतच असतो. वर्णन जुळत नसेल तर दारातूनच परत पाठवा, मुले रडली तरी चालेल.

आत दोन जोड होते, पण दोन्ही एकाच मापाचे. टाचेच्या खाचेत प्लास्टिकचे चाक नुसते दाबून बसवलेले होते. अस्सल बुटात चाकाला बेअरिंग असते, ते धातूच्या आसावर घट्ट बसते आणि चाक काढून खाच बुजवण्यासाठी वेगळे झाकण मिळते. इथे आसाच्या जागी तारेचा तुकडा होता. अंगठ्याने जोर देताच एक चाक निखळून माझ्या तळहातावर आले. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव नव्हते, किंमत नव्हती, बनवणारा देशही नव्हता.

ही केवळ पैशांची गोष्ट नाही. या बुटांवर तोल गेला की मूल बहुधा मागे पडते आणि सावरायला हात टेकते. डब्लिनमधल्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी २००६ च्या उन्हाळ्यात अशा बुटांवरून पडून जखमी झालेल्या ६७ मुलांची नोंद केली होती आणि त्यांत हातांच्या दुखापती सर्वाधिक होत्या. त्या वेळी हे बूट तिथे सर्रास वापरात होते. मग सरकताना ज्याचे चाकच निखळेल अशा बुटाने काय होईल, याचा विचार करून माझा संताप वाढतो. चांगले बूट मिळाले तरी हेल्मेट आणि मनगटाचे पॅड त्यांच्यासोबतच घ्या.

पुढचा भाग लिहिणे जड जाते. संकेतस्थळावर तक्रारीसाठी दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला. समोरच्या माणसाला माझा ऑर्डर क्रमांक, मुलांच्या बुटांचे माप आणि भरलेली रक्कम हे सगळे माहीत होते, त्यामुळे तो परका वाटला नाही. परताव्याचा अर्ज भरायला मदत म्हणून त्याने माझ्या मोबाइलची स्क्रीन त्याला दाखवणारे अ‍ॅप घ्यायला लावले आणि 'खाते पडताळणीसाठी' यूपीआय पिन टाकायला सांगितले. १९,९९९ रुपये गेले. ते चुकून कापले गेले, दोन्ही रकमा एकत्र परत येतील, असे म्हणत त्याने पुन्हा पिन टाकायला लावला आणि आणखी १४,५०० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मलाही ठाऊक होते. पण स्वतःचेच पैसे परत मागणारा माणूस सावध नसतो आणि ही टोळी नेमकी त्याचाच फायदा घेते. असे झाले तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

त्यानंतर जे अनुभवले त्याने फसवणुकीइतकाच मनस्ताप दिला. बँकेच्या शाखेत उत्तर मिळाले, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलात ना?" लेखी अर्ज घ्यायलाही तिथे तयारी नव्हती, पोचपावती हवी असे ठामपणे सांगितल्यावर शिक्का मिळाला. पोलीस ठाण्यात बुटांच्या पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे जा आणि उरलेल्यासाठी बँकेत जा, असे सांगण्यात आले. त्यांनी हद्दीचा प्रश्न काढल्यावर मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख केला, कारण गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी त्याची माहिती ठाण्याने घ्यायची असते. त्यावर अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता कुरिअरकडून आणा, असे ठाण्यात सांगितले. कुरिअरच्या कचेरीत पोलिसांचे पत्र आणा, असे सांगितले. आणि ते पत्र मागायला गेल्यावर, गुन्हा नोंद नसल्याने पत्र देता येत नाही, असे उत्तर आले. म्हणजे पत्ता नाही म्हणून गुन्हा नाही आणि गुन्हा नाही म्हणून पत्ता नाही. ज्यांच्या हातात अधिकार आहेत त्यांनी एक फोन केला असता तर जे झाले असते, त्यासाठी सामान्य बाईला कामावर रजा टाकून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर का जावे लागते? जाहिरात दाखवणाऱ्या समाजमाध्यमाने तर तक्रार केल्यावर 'नियमभंग आढळला नाही' असे कळवले. तीच चित्रफीत आता वेगळ्या दुकानाच्या नावाने सुरू आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल करत आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. ज्यांच्याकडे असे पार्सल आले आहे त्यांनी लेबल, खोके आणि निखळलेले चाकही फेकू नये, खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे आणि रक्कम लहान असली तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर व सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. ठाण्यात मला शेवटी ऐकवले गेलेले वाक्य असे होते की, "या दुकानाबद्दल दुसरी एकही तक्रार आमच्याकडे नाही."