संसदेची डिजिटल लायब्ररी: फुकट आहे, भारी आहे, फक्त निवांत वेळ काढून बसा

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढं येईलच.

विषय असा की संसदेत विरोधी पक्षाचा माणूस सरकारला कसा धरतो हे आपल्याला हल्ली फक्त रील्समध्ये दिसतं. चाळीस सेकंदांची क्लिप, खाली आगीचे इमोजी, "बोलती बंद केली", आणि मंत्र्यानं त्यावर काय उत्तर दिलं तेवढं बरोब्बर कापलेलं. दुसऱ्या पार्टीच्या पेजवर जावं तर तिथं फक्त उत्तर आणि प्रश्न गायब. ज्याला खरंच बघायचंय की कोण काय बोललं त्यानं पार्लमेंट डिजिटल लायब्ररी उघडावी. लॉगिन नाही, पैसे नाहीत, मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात नाही. इंग्रजांच्या काळातल्या कौन्सिलपासूनचे कागद आहेत आणि पहिल्या लोकसभेपासूनच्या चर्चा पीडीएफमध्ये पडल्यात, उचला आणि वाचा.

मी सुरुवात केली नाथ पैंपासून, कारण मी वेंगुर्ल्याकडचा आणि आमच्याकडे नाथ पै म्हटलं की म्हातारी माणसं अजून सरसावून बसतात. १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा राजापूरमधून निवडून आलेले, बॅरिस्टर, प्रजा समाजवादी पक्षाचे. भाषणाबद्दल इतकं ऐकलेलं की वाटलं होतं नुसती फुलं असतील, पण वाचताना जाणवतं की बाकावर बसलेल्या माणसानं घरी भरपूर अभ्यास केलेला आहे. संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्यात म्हटलं, त्या निकालानंतर १९६७ मध्ये त्यांनी खाजगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं) आणलं, मूलभूत हक्कांच्या भागातही दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे असं म्हणणारं. ते पास झालं नाही, पण १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीनं सरकारनं तेच करून घेतलं. तोवर नाथ पै गेले होते. विरोधी बाकावरून सगळं काही "राजीनामा द्या" एवढंच नसतं हे इथं कळतं. (ते विधेयक बरोबर होतं का यावर माझं आणि माझ्या वकील मेव्हण्याचं अजून जमत नाही, तो विषय वेगळा.)

मग १९६३ चा ऑगस्ट काढला. स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव, आचार्य कृपलानींनी मांडलेला, चार दिवस चर्चा. निकाल सगळ्यांना आधीच माहीत होता, ठरावाच्या बाजूनं ६२ आणि विरोधात ३४७. पण आज लोकांना आठवतो तो समाजवादी नेते राममनोहर लोहियांचा हिशोब. लोहिया त्याच वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून आले होते, म्हणजे लोकसभेत नवीनच, आणि उभे राहून नेहरूंना सांगतात की या देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारकडून उत्तर आलं पंधरा आणे. तीन आणि पंधरा, रुपयाचे सोळा आणे. लोहियांचं म्हणणं साधं होतं, तुमच्या सरासरीत वरचे श्रीमंत मिसळलेत, मी खालच्यांचं विचारतोय. वाचताना मजा ही की यात आरडाओरडा बाजूला राहतो, सरकारला स्वतःचा आकडा कुठून आला ते समजावून सांगत बसावं लागतं. सरकार पडलं नाही, पडणारही नव्हतं, पण "तीन आणे" हा शब्दच होऊन बसला.

आता खरी गंमत, जी मला रील्समधून कधीच कळली नसती. प्रश्नोत्तरांच्या फाईल्स उघडा. प्रश्न (अ), (ब), (क) असा तुकड्यात असतो. (अ) अमुक गोष्ट खरी आहे काय, (ब) असल्यास तिचा तपशील काय, (क) सरकारनं काय पावलं उचलली. मंत्री उत्तर देतो, (अ) नाही. (ब) आणि (क) प्रश्नच उद्भवत नाही. संपलं! तीन ओळीत खासदार घरी. म्हणजे (अ) मध्ये एखादा शब्द जरी ढिला पडला, तारीख चुकली, खात्याचं नाव चुकलं, तर मंत्री खोटं न बोलता सुटतो. म्हणून मुरलेला विरोधक (अ) असा लिहितो की त्याला "नाही" म्हणताच येऊ नये. आणि खरा खेळ पुढं पुरवणी प्रश्नात, म्हणजे उत्तरावर लगेच विचारलेल्या पुढच्या प्रश्नात, तेही तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो) असेल तर. अतारांकितला लेखी उत्तर येतं, पुरवणी नाही, पण राज्यवार तक्ते तिथंच मिळतात, पेपरात "लोकसभेत लेखी उत्तरात माहिती दिली" असं येतं ना, ते हेच. पेपरवाले त्यातला एक आकडा उचलतात, मागं चार पानांचा तक्ता असतो, आपल्या जिल्ह्याचं नाव शोधायला जाम मजा येते.

अजून एक उत्तर सारखं सारखं दिसेल, "माहिती गोळा केली जात आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" (म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर केली जाईल). मला आधी वाटायचं ही टोलवाटोलवी, आणि असतेही बऱ्याचदा, पण हे वाक्य नियमानं आश्वासन धरलं जातं, ते पूर्ण करायला तीन महिने, आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासनांची वेगळी समिती आहे. म्हणजे मंत्र्यानं वेळ मारून नेली तरी कागद मागं लागतो. चिवट खासदार असेल तर.

चिवटपणाच बघायचा असेल तर समाजवादी खासदार मधू लिमये. माणूस पुण्याचा, गोव्यासाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहून आलेला, आणि निवडून यायचा बिहारमधल्या मुंगेर नाहीतर बांकातून. आपल्याकडे शाळेत यांचं नावही घेत नाहीत हे मला पटत नाही. १९७४ च्या हिवाळी अधिवेशनाचे खंड काढा, काँग्रेस खासदार तुलमोहन राम यांचं प्रकरण. पाँडिचेरीतल्या व्यापाऱ्यांना आयात परवाने द्यावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचं निवेदन गेलेलं आणि बहुतेकांनी सांगितलं की ही सही आमची नव्हेच. सीबीआयचा रिपोर्ट पटलावर ठेवा म्हणून विरोधक हटून बसले, लिमये, ज्योतिर्मय बसू, वाजपेयी, पिलू मोदी, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. लिमये नियमांचं पुस्तक असं वापरतात की अध्यक्षांनाही चटकन नाही म्हणता येत नाही, एक दार बंद झालं की हक्कभंग, तो नाही तर पॉइंट ऑफ ऑर्डर (नियम मोडला अशी हरकत), तो नाही तर स्थगन (बाकी काम थांबवून चर्चेची मागणी). पानंच्या पानं नुसती नियमांवर जातात, कंटाळा येईल, येऊ दे, वाचा. पुढं आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा तुरुंगातून राजीनामा देणारा हाच माणूस, सोबत तरुण शरद यादव.

आणि हो, धरायचं काम फक्त विरोधकच करतात असं नाही. १९५७ चं उद्योगपती हरिदास मुंदडांचं प्रकरण काढलं तर तिथं फिरोज गांधी, सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई, एलआयसीनं मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर का घेतले हे विचारत होते. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. आज स्वतःच्या पक्षाच्या मंत्र्याला असं विचारणारा दाखवा, चहा माझ्याकडून.

आता एक स्टार कुठं गेला. भाषणं इंग्रजी नाहीतर हिंदीत, त्यामुळे आईला नाथ पै वाचून दाखवायचे तर मलाच बसून मराठी करत सांगावं लागतं. जुनी पानं स्कॅन केलेली, दोन कॉलमची, मोबाईलवर वाचायला गेलात तर डोळ्यांचं काही खरं नाही. आणि आवाज नाही. नाथ पैंचा आवाज कसा होता हे कागदाला कुठून कळणार, तिथं नुसतं कंसात "व्यत्यय" लिहिलेलं असतं आणि आपण अंदाज बांधायचा की किती कल्ला झाला असेल. कामकाजातून काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी फुल्या असतात, त्या बघून तर जीव नुसता तळमळतो.

वापरायची टीप, नुसतं नाव टाकून शोधत बसू नका, आधी तारीख किंवा निदान लोकसभा क्रमांक ठरवा. तिसरी म्हणजे १९६२ ते ६७, पाचवी १९७१ ते ७७, मग खासदाराचं नाव. नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. पीडीएफ उतरवून घ्या आणि लॅपटॉपवर वाचा. १९७५ च्या जुलैच्या अधिवेशनात प्रश्नोत्तरं सापडली नाहीत तर साईटला दोष देऊ नका, तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच बंद ठेवला होता. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनामुळे तोंडी प्रश्न नव्हते, लेखी उत्तरं मात्र मिळतील.

एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या पोरांनी तर डोळे झाकून घ्यावं. बाकीच्यांनी आपल्या खासदाराचं नाव टाकून बघा, त्यानं काय काय विचारलंय. आमच्याकडच्यांचं मी बघितलं, त्यावर इथं लिहीत नाही, निवडणुकीपर्यंत जपून ठेवलंय.