पाइनहर्स्ट नंबर टू आणि द क्रेडल: नवीन खेळणाऱ्यांनी जावं का?

नवीन लोकांना गोल्फकडे आणायचं म्हटलं की बऱ्याच कोर्सवाल्यांना एकच सुचतं, बंकर (वाळूचे खड्डे) बुजवा, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) सपाट करा, म्हणजे कोर्सचा जीवच काढून घ्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट या गोल्फ रिसॉर्टला खेळल्यावर माझं तरी पक्कं मत झालंय की याची काहीएक गरज नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी नंबर टू. कोर्स डिझायनर डोनाल्ड रॉसचा 1907 चा कोर्स, 1948 मध्ये तो वारला तोपर्यंत त्यात काही ना काही सुधारत राहिला. पुढे इथे हिरवंगार गवत आणि दाट रफ (कडेचं उंच गवत) वाढत गेला, तो डिझायनर बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी 2010-11 मध्ये उचलून टाकला, फेअरवे (मधला कापलेला पट्टा) रुंद केले आणि कडेला परत वाळू न वायरग्रास हे रानगवत आणलं. आता यात नवशिक्याचा काय फायदा? तर खूप आहे. टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) शॉट वाकडा गेला तरी बॉल सापडतो, पाणी जवळजवळ नाहीच, आणि ग्रीनच्या पुढचा भाग बहुतेक ठिकाणी मोकळा असल्यामुळे बॉल उंच उडवता येत नसेल तर जमिनीवरून पळवत नेता येतो. नवीन माणूस खेळ सोडतो तो स्कोअर वाईट आला म्हणून नाही हो, दर होलला बॉल शोधत फिरावं लागतं आणि मागचे लोक ताटकळत उभे असतात त्याने तो वैतागतो.

कठीणपणा सगळा ग्रीनवर आहे. उपड्या ताटलीसारखी ग्रीन, मधे पडलेला बॉलसुद्धा हळूहळू कडेला जाऊन खाली घरंगळतो. 2014 च्या यूएस ओपनमध्ये मार्टिन कायमर 9 अंडरने (पार म्हणजे ठरलेले फटके, त्यापेक्षा 9 कमी) जिंकला पण त्याच्याशिवाय फक्त दोघंच पारच्या खाली होते, आणि लगेच पुढच्या आठवड्यात याच कोर्सवर महिलांचं यूएस ओपन झालं, तिथे एकटी मिशेल वी पारच्या खाली राहिली. म्हणजे जगातल्या उत्तम खेळाडूंना घाम फोडणारी ग्रीन आहेत, आणि तरी आपण बाहेरूनच पटर (बॉल घरंगळवायचा क्लब) घेऊन बॉल चढवायला गेलो तर चालतं, फार तर एखाददोन शॉट जास्त लागतात. टी मात्र पुढचीच घ्या, मागच्या टीवरून खेळण्यात नवशिक्याला काही अर्थ नाही.

पण अगदी पहिल्यांदाच क्लब हातात धरणाऱ्याला मी थेट नंबर टूवर नेणार नाही, त्याच्यासाठी इथलाच छोटा कोर्स, द क्रेडल. डिझायनर गिल हॅन्सने केलेला, 2017 मध्ये सुरू झाला, 9 होल, सगळे पार 3 (तीन फटक्यांत संपवायचे), एकूण 789 यार्ड, सगळ्यात लांब होल 127 यार्डाचा. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथे कुणाला लहान मूल समजून डिझाइन केलेलं नाही. ग्रीनला खरे उतार आहेत, बंकर खरे आहेत, कुठल्या बाजूने बॉल टाकला तर तो होलकडे वळेल हा विचार पहिल्याच होलपासून करावा लागतो, फक्त अंतर कमी केलंय. क्लब हाउसच्या अगदी समोर आहे, संगीत चालू असतं, कुणी घाई करत नाही, आणि चांगला हॅंडिकॅप असलेली, म्हणजे मुरलेली मंडळीसुद्धा तिथे मनापासून खेळतात, त्यामुळे नवीन माणसाला आपल्याला कुठे कोपऱ्यात बसवलंय असं वाटत नाही. शेजारी थिसल डू हा 18 होलचा पटिंग कोर्स आहे, तिथे तर फक्त पटर लागतो.

एक तक्रार आहेच. नंबर टूवर खेळायचं तर साधारण रिसॉर्टमध्ये राहायचं पॅकेज घ्यावं लागतं, त्यामुळे नवशिक्याला सगळ्यात सोयीचा असलेला मोठा कोर्स त्याच्या आवाक्याबाहेरच राहतो, हे मला खटकतं. गेलात तर आधी थिसल डू, मग क्रेडल, आणि बॉल बऱ्यापैकी हवेत जायला लागला की नंबर टू, कॅडी (बॅग उचलणारा, सल्ला देणारा सोबती) घेऊनच, कारण ग्रीनवर बॉल कुठे थांबेल हे नुसतं बघून कळत नाही.