शहापूरची कडक भाकरी: बीपीवाल्यांच्या घरासाठी चार शब्द

बेळगावातल्या शहापूरच्या बाजारात एक अक्का घरी थापलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या विकतात. पाटीबिटी काही नाही, दोन फळ्या आणि शेजारी चटण्यांच्या बरण्या. भाकरी पापडासारखी पातळ, तीळ लावलेली, कुठंही करपलेली नसते. पावसाळ्यात मऊ पडते तेवढी, मग तव्यावर पुन्हा शेकायची.

आमच्याकडे ती आत्यांमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे आली. त्यांना बीपीची गोळी लागली तसं लोणचं-पापड बंद झालं, आमटी अळणी झाली. पण दोन्ही वेळच्या चहाबरोबर खारी नाहीतर टोस्ट होताच, आणि कपात दोन चमचे साखर. दिवसाचे पाच कप धरा, नुसत्या चहातूनच ४० ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ च्या आत राहिली तर उत्तम. त्यात बिस्किटं आली, दुधाचा गोड कुंदाही आला.

बीपी म्हटलं की आपण मिठाच्या डब्याकडंच बघतो. मैदा आणि साखर रक्तात झटकन चढतात, त्यामागं इन्सुलिन वाढतं, आणि वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडांना मिठातलं सोडियम बाहेर टाकू देत नाही. म्हणजे आमटीत मीठ नको आणि अंगातलं तसंच धरून ठेवायचं, असा कारभार. शिवाय साखरेत निम्मं फ्रुक्टोज असतं. ते यकृतात मोडताना युरिक ॲसिड वाढतं, ते रक्तवाहिन्यांना सैल होऊ देत नाही. गुळातही बहुतेक साखरच असते, त्यामुळं गुळाचा कुंदा 'बीपीला चालतो' म्हणून कुणी हातावर ठेवला तर खा, पण औषध समजून खाऊ नका.

ज्वारीचं पीठ कोंड्यासकट असतं, त्यात तंतू आणि मॅग्नेशियम मिळतं. म्हणून काही चार-चार भाकऱ्या हाणायच्या नाहीत, तेही पिष्टच आहे. गोळीही सोडायची नाही. अमेरिकेत ८१० जणांना १८ महिने तपासलं, तेव्हा गोड पेय रोज एक कमी केलेल्यांचा बीपीचा वरचा आकडा सरासरी १.८ नं उतरलेला दिसला. एवढंच. पण गोळीच्या जोडीला एवढाही हातभार चालतो, वर पैसेही वाचतात.

आत्यांचे दात काही भाकरीला दाद देईनात. "हे काय गं, पत्रा आणलायस?" म्हणाल्या. आता दह्यात चुरून, वर बारीक कांदा घालून खातात आणि खारीचं नाव काढत नाहीत. चहात साखर अर्धा चमचा राहिलीय, त्यावरून अजून रोज वाद होतो.

तक्रार एकच, चटण्यांची. शेंगाची, जवसाची, कारळाची, तिन्ही चवीला फक्कड, पण मीठ सढळ हातानं. आम्ही भाकरी इथनं घेतो आणि चटणी घरी कुटतो. अळणी हवी असेल तर अक्का वेगळी करून देतात, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि अर्ध्या किलोच्या खाली घेत नाहीत.