चित्रातला हॉल आणि आमचे पाच लाख

डोंबिवलीतल्या नव्या फ्लॅटचा ताबा आम्हाला मार्च 2024 मध्ये मिळाला. हॉल दहा बाय सोळा. अठरा वर्षं एका खोलीत काढलेल्या घराला तो मैदानासारखा वाटला. सासूबाई पहिल्या दिवशी भिंतीला टेकून नुसत्या बसून राहिल्या, उठायलाच तयार नव्हत्या. यंदाचा गणपती इथेच बसवायचा आणि त्याआधी हॉल नीट करून घ्यायचा, एवढंच आमचं ठरलं होतं.

मोबाइलवरच्या जाहिरातीतून एक इंटिरियर डिझायनर सापडला. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण जे घडलं ते मात्र सगळं लिहिते, कारण गणपती-दिवाळीच्या आधी आमच्यासारखी कितीतरी घरं याच घाईत असतात.

तो माणूस पहिल्या भेटीत इतका नीट वागला की शंकेला जागाच राहिली नाही. लेझरने मापं घेतली. खिडकीची चौकट, बीम, बोर्ड, सगळं वहीत उतरवलं. सासूबाईंना विचारलं, "आई, दुपारी तुम्ही कुठे बसता? गुडघे दुखतात का? मग सोफा फार खोल नको." पाहुणे किती येतात, गणपतीची मूर्ती किती उंच असते, हेही विचारलं. चांगला डिझायनर हेच प्रश्न विचारतो. घरातली माणसं कशी वावरतात ते आधी समजून घेतो. त्यामुळेच आम्ही निश्चिंत झालो. पण चांगल्या डिझायनरचं पुढचं काम त्याने केलंच नाही आणि ते मागायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

आठ दिवसांनी लॅपटॉपवर थ्रीडी चित्र आलं. सोफा, टीव्ही युनिट, छताच्या कडेने मंद उजेड, कोपऱ्यात गणपतीसाठी कमान आणि मधे ऐसपैस मोकळी जागा. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "पाडव्याच्या मुहूर्तावर बुकिंग केलंत तर युनिटवर दहा टक्के सूट," असं तो म्हणाला आणि 9 एप्रिलला आम्ही सही केली.

त्या चित्रातली मोकळी जागा खोटी होती. नंतर मी त्याच्याकडून प्लॅन मागून घेतला आणि टेप घेऊन बसले. चित्रात सोफ्याची खोली 2 फूट 4 इंच धरली होती, टीव्ही युनिटची 1 फूट आणि सेंटर टेबलाची दीड फूट. दहा फुटांतून हे वजा केलं की पाच फुटांहून जास्त जागा उरते. घरात आलेला सोफा 3 फूट खोल होता, युनिट दीड फूट आणि टेबल 2 फूट. उरले साडेतीन फूट, तेही टेबलाच्या दोन बाजूंना वाटलेले. सोफ्यावर कोणी बसलं की गुडघ्यांपुढून चहाचा ट्रे घेऊन जाता येत नाही. त्यात असली चित्रं अशा कोनातून काढलेली असतात की खोली आहे त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून सांगते, चित्रावर सही करू नका. मापं लिहिलेला प्लॅन मागा, त्या मापांनी फरशीवर खडूने सोफा-टेबल आखा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्यातून स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चालायला सांगा. आम्ही हे नंतर केलं. दहा मिनिटं लागली.

आता कोटेशनबद्दल. 4,80,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,66,400. प्लायच्या पुढे "बीडब्ल्यूपी 710 किंवा समतुल्य" (पाण्याला टिकणाऱ्या प्लायची ही ग्रेड), लॅमिनेटच्या पुढे "1 मिमी किंवा समतुल्य", बिजागऱ्यांच्या पुढे नुसतं "ब्रँडेड". "समतुल्य" या एका शब्दात सगळी फसवणूक मावली. कंपनी कुठली, ग्रेड कुठली, जाडी किती, हे ज्या ओळीत लिहिलेलं नाही ती ओळ तुमच्या बाजूची नाही.

फॉल्स सीलिंगचं माप तर मी नंतर माझ्या सातवीतल्या मुलाकडूनच काढून घेतलं. सीलिंग पूर्ण छताला नव्हतं, कडेने 2 फुटांचा पट्टा होता. छत 160 चौरस फूट, मधला मोकळा भाग 6 बाय 12 म्हणजे 72, तर पट्टा झाला 88. बिलात 160 धरले होते आणि आतल्या कडेची 36 फूट पन्हळ, म्हणजे दिवे लपवायची खाच, लांबीच्या फुटाने वेगळी लावली होती. सीलिंगच्या कडेच्या उभ्या पट्ट्यांचं माप आपण होऊन वाढवून दिलं तरी हिशेब बसत नाही.

पैशांचे टप्पे असे: बुकिंगला दहा टक्के, माल मागवताना पन्नास, माल घरी पोहोचल्यावर तीस, उरलेले दहा काम संपल्यावर. त्या वेळी हे रास्त वाटलं. मेच्या मध्याला टेम्पोतून प्लाय आणि लॅमिनेटचे शीट उतरले आणि त्याच संध्याकाळी तीस टक्क्यांसाठी फोन आला. आम्ही भरले. म्हणजे एक खिळा ठोकायच्या आधी 5,09,760 रुपये गेले होते. टप्पे कामाला बांधलेले हवेत: सांगाडा उभा राहिला की एवढे, लॅमिनेट लागलं की एवढे. माल दाखवून पैसे मागितले तर देऊ नका, कारण दारात पडलेला माल कसला आहे हे तुम्हाला ओळखता येत नाही. आम्हालाही आलं नाही.

वायरिंगचं काम सुतारकाम झाल्यावर काढलं. त्यामुळे टीव्हीचा पॉइंट पॅनलच्या मागे गाडला गेला आणि पंख्याचा रेग्युलेटर सोफ्याच्या पाठीमागे गेला. जूनच्या अखेरीस सुतार यायचे बंद झाले. एक पोरगा आपली पटाशी न्यायला आला तेव्हा म्हणाला, "ताई, आम्हाला वीस हजारच मिळालेत, पुढे पैसेच नाहीत." जुलैच्या मध्यापर्यंत डिझायनर फोन उचलत होता, नंतर तेही थांबलं. गणपतीची कमान झालीच नाही.

ऑगस्टमध्ये टीव्ही युनिटची खालची कड फुगली. फरशी पुसताना माझा हात लागला आणि लॅमिनेट पापुद्र्यासारखं वर आलं. आत अंगठा दाबला तर प्लाय ओल्या पावासारखा दबला. माझ्या माहेरचे एक सुतारकाका आहेत, चिपळूणकडचे, चाळीस वर्षं याच धंद्यात. त्यांना बोलावलं. गॅलरीतल्या गोणपाटात उरलेले तुकडे होते. त्यांनी एक उचलला, कड उजेडात धरली. "पोरी, या थरांमधल्या रेषा बघ, पांढरट आहेत. पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा डिंक काळपट असतो." मग म्हणाले, गॅसवर पाणी ठेव. पातेल्यात तो तुकडा टाकला आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे राहिलो. तासाभरात त्याचे थर सुटले आणि कोबीच्या पानांसारखे वेगळे होऊन पाण्यात तरंगायला लागले. 710 चा खरा प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, असं मानकच आहे. काकांनी गॅस बंद केला आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसले. सासूबाई त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून आल्या. त्या दिवशी घरात जेवण झालं नाही.

शिक्का तर होता त्या शीटवर, आयएसआय आणि 710 असा ठळक. माल उतरला तेव्हा मुलाने हौसेने फोटो काढले होते, म्हणून तो वाचता तरी आला. शिक्क्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना नंबर असतो आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तो तपासता येतो. आमचा नंबर तिथे निघालाच नाही. हे दोन मिनिटांचं काम माल दारात असताना करायचं असतं.

जीएसटीचंही तसंच. कोटेशनवर पंधरा अक्षरी नंबर होता, 27 ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला तर नोंदणी आधीच रद्द झालेली दिसली. म्हणजे आम्ही भरलेल्या रकमेतले 77,760 रुपये त्याने कराच्या नावाखाली घेतले होते. पक्कं बिल कधी मिळालंच नव्हतं, नुसता प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल. आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला तशी कुठलीच नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे त्याने पूर्ण केलेली दोन घरं स्वतः जाऊन पाहा आणि तिथल्या माणसांशी तो समोर नसताना बोला. आम्ही फोटो पाहून समाधान मानलं होतं.

पोलीस ठाण्यात आमचा अर्ज घेतला, पण हा दिवाणी मामला आहे असं सांगितलं. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि पुढे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, सेवा देणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आमची थोडी वर गेली म्हणून 200 रुपये भरले. मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा "बघू, देईल" म्हणत थांबू नका. पैसे बँकेतून गेले होते आणि चॅट जपून ठेवलं होतं, याचा फार उपयोग झाला. रोख दिलेल्या अकरा हजारांचा मात्र कुठेच पुरावा नाही, ते या हिशेबातही धरलेले नाहीत.

7 सप्टेंबरला गणपती आला. सुतारकाकांनी फुगलेलं युनिट भिंतीवरून उतरवलं आणि जुन्या घरातलं सागवानी टेबल तिथे मांडलं, त्यावर मूर्ती बसवली. उकळलेल्या तुकड्याचे थर मी वाळवून, तारीख लिहून पाकिटात ठेवलेत, आणि गोणपाटातला एक कोरा तुकडाही. वकिलांनी सांगितलंय, प्रयोगशाळेत तपासणीला लागेल, तोवर त्याला पाणी लागू देऊ नका.